अब्लेशन आणि हृदयातला 'खिसा' बुजवणं, दोन्ही एकाच वेळी? आप्पांसाठी सल्ला हवाय (खानापूर तालुका)

नंदगडची_लेक

नमस्कार. इथं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बरीच मंडळी असतात, म्हणून लिहितेय.

आमचे आप्पा ७१ वर्षांचे. बीपीची गोळी दहा-बारा वर्षं चालू आहे, शुगर पाच-सहा वर्षांपूर्वी निघाली. शेती अजून स्वतः बघतात. गेल्या सुगीत भाताच्या मळणीला खळ्यावर बसले ते उठेचनात. छातीत पाखरू फडफडतंय म्हणाले. ईसीजी काढला तर एट्रियल फिब्रिलेशन. ठोके १४० च्या वर आणि एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. ठोके आवरायची गोळी आणि रक्त पातळ करायची गोळी, दोन्ही सुरू झाल्या. तरी महिन्यातून तीन-चारदा धडधड येतेच, आणि आली की माणूस दिवसभर गळून जातो.

चार महिन्यांनी शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं. त्यांनी आठवडाभर कुणाला सांगितलंच नाही, आईच्या लक्षात आलं. हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं. रक्त चढवलं, जठराला जखम होती तिच्यावर उपचार झाले, रक्त पातळ करायची गोळी बंद केली. ती अजून बंदच आहे.

आता हृदयाच्या डॉक्टरांनी सुचवलंय की अब्लेशन करू आणि त्याच वेळी हृदयाच्या डाव्या कप्प्याला असलेला खिसा बुजवणारं उपकरण बसवू. एकदाच भूल, एकदाच ऍडमिट. पण माझं डोकं इथंच अडकलंय. ठोके सरळ होणार असतील तर खिसा कशाला बुजवायचा? आणि खिसा बुजवणार असू तर अब्लेशन कशाला? माहितीपत्रक इंग्रजीत, संमतीचा कागद कन्नडात. आप्पांना वाचायला फक्त मराठी येतं. मी कन्नड बोलते, पण दवाखान्याचं कन्नड वाचताना अडखळते. आप्पा विचारतात, "काय सांगूलाल्यात ते डॉक्टर?" आणि मला धड सांगता येत नाही. कुणाला अनुभव असेल तर कृपा करून लिहा.

निपाणीची_सिस्टर

ताई, मी मूळची निपाणीची, आता पुण्यात कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयात नळी घालून उपचार करतात तिथं, काम करते. रोज डोळ्यांसमोर बघते ते सांगते.

तुमच्या मनातला गोंधळ अगदी बरोबर जागी आहे. ही दोन वेगळ्या दुखण्यांवरची दोन वेगळी कामं आहेत. अब्लेशन हे धडधडीसाठी. फुप्फुसांकडून डाव्या वरच्या कप्प्यात रक्त आणणाऱ्या शिरा असतात, बहुतेकांना चार. त्यांच्या तोंडापाशी विजेच्या चुकार ठिणग्या उठतात आणि कप्पा थरथरायला लागतो. हे फ्रान्समधल्या बोर्डोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवलं. म्हणून त्या तोंडांभोवती उष्णतेनं, अतिथंडीनं किंवा आता विजेच्या सूक्ष्म झटक्यांनी कडं करतात. शेताला बांध घातला की पलीकडचं पाणी इकडे येत नाही, तसं.

खिसा बुजवणं हे लकव्यासाठी. त्याच कप्प्याला अंगठ्याएवढी एक पिशवी लोंबत असते. कुणाची कोंबडीच्या पंखासारखी वाकडी, कुणाची फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी. कप्पा नीट आकसत नसला की या पिशवीत रक्त साचून राहतं, गुठळी धरते आणि ती सुटून मेंदूत गेली की लकवा. झडपांचा आजार नसलेल्या रुग्णांत कप्प्यातल्या दहापैकी नऊ गुठळ्या या पिशवीतच सापडतात. म्हणून तिचं तोंड बंद करायचं.

एका वेळी करायचं कारण साधं आहे. दोन्हीला वाट एकच. जांघेतल्या शिरेतून नळी वर न्यायची, हृदयाचा मधला पडदा सुईनं टोचून डावीकडे जायचं. ही टोचणी त्यातली जोखमीची पायरी आहे, आणि दोन्ही कामं एकत्र केली तर ती एकदाच होते.

उपकरण म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या तारांची छोटी छत्री, तोंडावर जाळीदार कापड. मिटलेली नळीतून जाते, आत उघडते. आमच्याकडे सोडण्याआधी तिला हलकेच ओढून बघतात. तेव्हा सगळी लॅब गप्प असते. सगळ्यांचे डोळे अन्ननलिकेतून घातलेल्या सोनोग्राफीच्या पडद्यावर. छत्री पिशवीच्या भिंतीसकट हलली तर ती पक्की बसली. एकटीच सरकली तर मिटून परत घेतात. बाजूनं रक्त झिरपतंय का तेही रंगात बघतात. सगळं जमलं तरच तार सोडतात.

चिकोडीचा_ऊसकरी

ताई, आमच्या मामांचं सांगतो. सांगताना अजून त्रास होतो, पण तुमच्या उपयोगी पडेल.

मामांचं अब्लेशन झालं, छान झालं. दोन महिन्यांत पुन्हा मोटरसायकलवरून कारखान्याला जायला लागले. धडधड नाही, दम नाही. मग त्यांचे तेच ठरवून बसले की रोग गेला, आता गोळी कशाला. डिस्चार्जच्या कागदावर गोळी चालू ठेवा असं लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत, आणि तोंडी कुणी बजावून सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. सात महिन्यांनी पहाटे उजवा हात उचलेना आणि वाचा गेली. आता माणसं ओळखतात, डोळ्यांतून पाणी काढतात, बोलता येत नाही.

ठोके सरळ झाले म्हणजे गुठळीचा धोका गेला, असं धरून चालू नका. हात जोडून सांगतो.

मच्छेकर

मग अब्लेशननंतर गोळी किती दिवस घ्यायची असते? माझ्या चुलत्यांचं याच वर्षी झालंय.

हुक्केरीचा_फिजिशियन

अब्लेशननंतर पहिले दोन ते तीन महिने गोळी सगळ्यांनाच. त्यापुढे ती चालू ठेवायची की नाही हे ठोके सरळ आहेत का यावर ठरत नाही, रुग्णाच्या लकव्याच्या जोखमीवर ठरतं. जोखीम मोजायला चॅड्स-व्हॅस्क नावाचे गुण आहेत. हृदय अशक्त असेल तर १, बीपी १, शुगर १, रक्तवाहिन्यांचा आजार १, वय ६५ ते ७४ असेल तर १, ७५ किंवा त्याहून जास्त असेल तर २, आधी लकवा झालेला असेल तर २, स्त्री असेल तर १. पुरुषाला २ आणि बाईला ३ झाले की गोळी लागते. मच्छेकर, चुलत्यांचे गुण त्यांच्या डॉक्टरांकडून काढून घ्या. इथं वाचून कुणी गोळी सुरू किंवा बंद करू नका.

नंदगडच्या ताईंच्या आप्पांना वयाचा १, बीपीचा १, शुगरचा १, म्हणजे ३ गुण. त्यांना गोळीची गरज आहे, आणि ती बंद आहे. माझ्या दृष्टीनं आज सगळ्यात मोठी काळजी ही आहे. अब्लेशनची तारीख पुढेमागे झाली तर चालेल, पण ही मधली उघडी वेळ लांबायला नको.

आता दोन्ही एकत्र करण्याबद्दल. २०२४ च्या नोव्हेंबरात 'ऑप्शन' नावाची मोठी चाचणी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. अब्लेशन झालेले किंवा होणारे १६०० रुग्ण. अर्ध्यांना खिसा बुजवला, अर्ध्यांना गोळी चालू ठेवली, ३ वर्षं पाहिलं. मृत्यू, लकवा किंवा शरीरात इतरत्र गुठळी, हे सगळं मिळून उपकरणवाल्यांत ५.३ टक्के, गोळीवाल्यांत ५.८ टक्के. म्हणजे बचाव तोडीस तोड. प्रक्रियेशी संबंध नसलेला रक्तस्राव उपकरणवाल्यांत ८.५ टक्के, गोळीवाल्यांत १८.१ टक्के. निम्म्याहून कमी. हे आकडे खरेच चांगले आहेत.

पण जाहिरातीत जे गळतं ते सांगायला हवं. वरच्या ८.५ मध्ये प्रक्रियेच्या वेळचा रक्तस्राव धरलेला नाही आणि किरकोळ पण दखल घ्यावी लागणारा रक्तस्राव धरलेला आहे. फक्त मोठा रक्तस्राव घेतला आणि प्रक्रियेतलाही त्यात धरला, तर ३.९ टक्के आणि ५ टक्के. फरक बराच आटतो. उपकरण किंवा ते बसवण्यामुळे २३ जणांना गुंतागुंत झाली, शेकडा ३ च्या आसपास. आणि दोन्ही कामं एकाच बैठकीत झालेले जेमतेम ४१ टक्के. बाकीच्यांना अब्लेशन आधी झालं आणि काही महिन्यांनी उपकरण बसलं. एकाच दिवशी करायलाच हवं असं त्या चाचणीनं म्हटलेलं नाही.

आणखी एक. त्या चाचणीतले लोक गोळी घेऊ शकणारे होते. २०२५ च्या नोव्हेंबरात जर्मनीतली 'क्लोजर-एएफ' आली. तिच्यात वयस्कर, लकव्याचा आणि रक्तस्रावाचा दोन्ही धोका जास्त असलेले रुग्ण होते. तिथं उपकरण हे चांगल्या औषधोपचाराच्या तोडीचं ठरलं नाही. ज्यांच्यासाठी आपण उपकरणाचा विचार पहिल्यांदा करतो त्यांच्यातच हे घडलं, म्हणून मी स्वतः आता थोडा सबुरीनं बोलतो.

ताई, मला एक सांगा. आप्पा गुडघेदुखीसाठी, कंबरेसाठी दुकानातून काही गोळ्या आणतात का?

नंदगडची_लेक

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचून घरी फोन केला. आईनं सांगितलं ते ऐकून मी खालीच बसले. आप्पा दीड वर्षापासून गुडघ्यासाठी बाजारातल्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेतात. सुगीत दिवसाला दोन-दोन. बंडीच्या आतल्या खिशात पाकीट असतं. कुठल्याच डॉक्टरांना सांगितलं नाही. का, तर "ते गुडघ्याचं औषध, हृदयाचं न्हवं." काळं व्हायला लागलं तेव्हाही चालूच होत्या.

हुक्केरीचा_फिजिशियन

ताई, यात तुमचा दोष नाही. माझ्या ओपीडीत निम्मी म्हातारी माणसं हेच करतात. भात लावणी, ऊसतोड, गुडघा धरला की दुकानात जायचं.

पण याने सगळं चित्र बदलतं. रक्त पातळ करायची गोळी आणि वेदनाशामक गोळी एकत्र म्हणजे जठराला जखमेचं आणि रक्तस्रावाचं आमंत्रण. कारण काढून टाकता येण्यासारखं आहे. २०२३ ची अमेरिकन मार्गदर्शिका खिसा बुजवण्याचा सल्ला मुख्यतः अशांना देते, ज्यांना दूर न करता येणाऱ्या कारणामुळे गोळी कायमची घेता येत नाही. रक्तस्रावाचा धोका मोठा असेल तर रुग्णाच्या पसंतीनंही करता येतं, पण तो सल्ला दुबळा आहे. जखम भरली, वेदनाशामक कायमचं सुटलं, जोडीला पोटातलं आम्ल कमी करायची गोळी दिली, तर आप्पांना रक्त पातळ करायची गोळी पुन्हा सोसू शकेल. कोणती, किती आणि केव्हा, हे तुमच्या हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी एकत्र ठरवू दे. वेदनाशामकाची गोष्ट त्यांना आजच कळवा. त्यांनी जो सल्ला दिला तो या माहितीशिवाय दिलाय, त्यात त्यांची चूक नाही.

मी उपकरणाच्या विरोधात नाही. गोळी सुरू करून, सगळी काळजी घेऊनही रक्त गेलं, तर मी स्वतः म्हणेन बसवा.

येळ्ळूरचा

डॉक्टर, मधेच विचारतो. माझ्या आईला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, आता झडप आकसलीय आणि हेच फिब्रिलेशन आहे. एसिट्रॉम, म्हणजे रक्त पातळ करायची जुनी गोळी, चालू आहे. रक्त किती पातळ झालंय ते बघायच्या आयएनआर तपासणीची दर महिन्याची खेप तिला नको झालीय. खिसा बुजवला तर सुटेल का?

हुक्केरीचा_फिजिशियन

नाही. हे नीट वाचा, कारण आपल्या भागात असे रुग्ण खूप आहेत. झडप आकसलेली असेल तर गुठळी फक्त खिशात धरत नाही, मुख्य कप्प्यातही धरते. दार लावलं तरी भिंत उघडीच राहते. वरच्या चाचण्या तुमच्या आईसारख्या रुग्णांसाठी नाहीत. एसिट्रॉमऐवजी नवी गोळीही परस्पर घेऊ नका. २०२२ मध्ये साडेचार हजारांवर रुग्णांची 'इन्व्हिक्टस' चाचणी झाली, नेमकी संधिवाताच्या तापातून आलेल्या झडपांच्या आजारावर. त्यात जुन्या पद्धतीची आयएनआरवाली गोळी नव्या रिव्हरॉक्सॅबानपेक्षा सरस ठरली, मृत्यूही कमी झाले. खेप चुकवू नका. मेथी-पालक बंद करायची गरज नाही, दर आठवड्याला साधारण सारखी खा म्हणावं.

चिकोडीचा_ऊसकरी

डॉक्टर, अब्लेशन यशस्वी झालं तर एक वर्षानं गोळी बंद करता येते, असा एक व्हिडिओ आमच्या ग्रुपवर फिरतोय. खरं आहे का? आमच्या मामांच्या बाबतीत मग काय झालं?

हुक्केरीचा_फिजिशियन

त्या व्हिडिओमागे बहुधा 'ओशन' चाचणी असेल, तीही २०२५ च्या नोव्हेंबरातलीच. अब्लेशन होऊन किमान एक वर्ष ठोके सरळ राहिलेले रुग्ण घेतले, निम्म्यांना रिव्हरॉक्सॅबान, निम्म्यांना ऍस्पिरिन. ३ वर्षांत लकव्यात ठळक फरक दिसला नाही, दोन्हीकडे लकवे फारच कमी होते. आशा वाटावी अशी गोष्ट आहे. पण त्यांचे चॅड्स-व्हॅस्क गुण सरासरी २ च्या जवळपास होते, ठोके वर्षभर तपासून खात्री केलेली होती आणि निर्णय डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता. तुमच्या मामांनी वर्ष व्हायच्या आत, कुणाला न विचारता, काहीच न घेता बंद केली. धडधड जाणवत नाही म्हणजे फिब्रिलेशन नाही असं नसतं. पुष्कळांना ते येऊन जातं आणि कळतही नाही.

सीमेवरचा_कार्यकर्ता

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू केली. गाव यादीत आहे का बघा. कर्नाटकाची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे, आणि सहकारी संस्थेचे सभासद असाल तर यशस्विनी. कुठल्याही योजनेत अब्लेशन आणि उपकरण या दोन वेगळ्या नोंदी समजून वेगवेगळं विचारा, आणि मंजुरी लेखी घ्या. "होऊन जाईल" या शब्दावर ऍडमिट होऊ नका. आमच्या गल्लीत एका घरानं उपकरणाच्या पैशासाठी डिस्चार्जच्या दिवशी दागिने मोडलेत. कागदपत्रांसाठी धावपळ लागली तर मला निरोप टाका, मी बरोबर येतो. आपल्या माणसांनी भाषेपायी कुठल्याच खिडकीवरून मागं फिरू नये, एवढ्यासाठी मी हे काम करतो.

निपाणीची_सिस्टर

ताई, संमतीच्या कागदाचे फोटो मला पाठवा. कन्नड मला वाचता येतं, शाळा तिथलीच. एकेक ओळ मराठीत लिहून देते. आप्पांना त्यांच्या भाषेत कळल्याशिवाय सही करू देऊ नका. दवाखान्याकडेही समजावून सांगणारा माणूस मागा.

आणि एक राहिलं. खिसा बुजवला तरी गोळी त्या दिवशी सुटत नाही. कापडावर हृदयाचं स्वतःचं अस्तर चढायला वेळ लागतो, तोवर उपकरणावरच गुठळी धरू शकते. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे ते तीन महिने रक्त पातळ करणारं औषध, मग ऍस्पिरिन, आणि मधे पुन्हा अन्ननलिकेतून सोनोग्राफी. "बसवलं की सुटलो" असं आप्पांच्या मनात असेल तर आधीच सांगून ठेवा.

नंदगडची_लेक

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांना वेदनाशामकाचं सांगितलं. ते रागावले नाहीत. पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, पुन्हा दुर्बीण घातली, जखम भरलीय. आम्लाची गोळी चालू आहे आणि रक्त पातळ करायची गोळी परवापासून पुन्हा सुरू झाली. दर पंधरा दिवसांनी हिमोग्लोबिन बघायचं. काळं दिसलं तर त्याच दिवशी कळवायचं, आणि ते बघायचं काम आईनं स्वतःकडे घेतलंय.

अब्लेशन करायचं ठरलं, कारण धडधडीनं त्यांचं जगणं अवघड झालंय. खिशाचं आता नाही. सहा महिने गोळी सोसते का बघायचं, रक्त गेलं तर तेव्हा उपकरण. डॉक्टरांनीच रिपोर्टच्या मागे पेनानं हृदय काढून आप्पांना दाखवलं, एक बाण धडधडीचा, एक बाण गुठळीचा.

सिस्टर, तुम्ही लिहून दिलेलं मराठी काल रात्री वाचून दाखवलं. आप्पांनी दोन ठिकाणी थांबवलं. "अब्लेशन एकदा करून पुरेल असं नाही, काही रुग्णांना पुन्हा करावं लागतं" ही ओळ दोनदा वाचायला लावली आणि मग मान हलवली. दुसऱ्यांदा मधल्या पडद्यापाशी. "ते भोक तसंच ऱ्हातंय व्हय?"

निपाणीची_सिस्टर

सांगा त्यांना, अगदी बारीक असतं, बहुतेकांचं काही महिन्यांत आपोआप मिटतं. नाही मिटलं तर सोनोग्राफीत दिसतं. प्रक्रियेनंतर काही तास पाय सरळ ठेवून उताणं पडून राहावं लागेल, जांघेतून रक्त येऊ नये म्हणून. उठायची घाई करू देऊ नका. आप्पांसारखी शेतातली माणसं तिथंच फसतात.

नंदगडची_लेक

सांगितलं. "मिटतंय तर मग करू की" म्हणाले आणि सही केली, मराठीत. मग बंडीच्या खिशातलं पाकीट काढून आईच्या हातात दिलं. त्यात अजून चार गोळ्या होत्या. गुडघ्याला सध्या मिठाच्या पुरचुंडीचा शेक आणि डॉक्टरांनी चालेल म्हटलेली पॅरासिटामॉल, तीही मोजून. अब्लेशन पुढच्या महिन्यात, उन्हाळी भाताला पाणी पाजून झाल्यावर.